नौपाड्यातील वाद्यांचे दुकान: काम चोख, पण भाव लेखी घ्यावा

ठाण्यात नौपाड्यात, गोखले रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत वाद्यांचे जुने दुकान आहे. पेटी, तबला, तंबोरा, ढोलकी, टाळ आणि अलीकडे कीबोर्ड असे सगळे तेथे मिळते. २०२४ साली मुलीसाठी पेटी घेताना या दुकानाचा जो अनुभव आला त्यात समाधान होते आणि मनस्तापही होता. मनस्तापाविषयी लिहायचे असल्यामुळे दुकानाचे नाव देत नाही.

आम्हाला साडेतीन सप्तकांची, खर्ज-नर (खालचा व मधला स्वर) अशा दोन ओळींची आणि गुजरातेतील पालिताण्याचे सूर, म्हणजे हवेने कंप पावून वाजणाऱ्या धातूच्या पट्ट्या, बसवलेली पेटी हवी होती. मालकांनी मार्चमध्ये २४,००० रुपये किंमत सांगितली, १०,००० रुपये आगाऊ घेतले आणि दीड महिन्यात पेटी देण्याचे कबूल केले. प्रत्यक्षात ती जुलैच्या अखेरीस मिळाली, आणि उरलेली रक्कम द्यायला गेल्यावर किंमत २७,५०० रुपये झाल्याचे कळले. "ताई, सूर हातात आल्याशिवाय पेटी बांधता येत नाही, आणि सुरांचा भाव आमच्या हातात नाही," असे मालक म्हणाले.

हे कारण मला खोटे वाटत नाही. सुराची जीभ पितळेची असते, पितळेत मोठा वाटा तांब्याचा असतो आणि त्याच वर्षी मे महिन्यात तांब्याचा जागतिक भाव उच्चांकाला गेला होता. शिवाय पालिताण्याचेच सूर हवे असतील, तर ते येण्याची वाट पाहण्याखेरीज पेटी बांधणाऱ्याला दुसरा उपाय नसतो. माझी तक्रार वेगळी आहे. मे आणि जून या दोन महिन्यांत मी तीन वेळा फोन केला आणि प्रत्येक वेळी "पुढच्या आठवड्यात" एवढेच उत्तर मिळाले. भाव वाढल्याचे त्यांपैकी एकदा जरी सांगितले असते, तरी घ्यायचे की थांबायचे हे आम्हाला ठरवता आले असते. पावतीवर फक्त आगाऊ रकमेचा आकडा होता, ठरलेली किंमत नव्हती. पैसे मोजण्यापेक्षा हे अधिक लागले, कारण मुलगी तोपर्यंत शेजाऱ्यांच्या पेटीवर रियाज करीत होती.

तबल्याच्या पुडीबाबतही येथे थांबावेच लागते, मात्र त्याचा दोष मी दुकानाला देणार नाही. पुडी म्हणजे तबल्याच्या तोंडावर मढवलेले आवरण; ती बकऱ्याच्या कातड्याची असते. पावसाळी दमट हवेत कातडे नीट वाळत नाही, पुडीवरच्या काळ्या गोलाचे, म्हणजे शाईचे, थरही सावकाश सुकतात, आणि नेमके त्याच दिवसांत गणपतीच्या आरत्यांसाठी व भजनी मंडळांसाठी तबले-ढोलक्या दुरुस्तीला येऊन पडतात. घाईने मढवलेली पुडी थोड्याच दिवसांत उतरते, म्हणून कारागीर महिना मागत असेल तर तो द्यावा.

तंबोऱ्याची प्रतीक्षा याहून लांब असते. दुकानातील तंबोरे मिरजेहून येतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या सर्वांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. परंतु भोपळा मोठा, सुबक आणि पूर्ण वाळलेला मिळाल्याशिवाय तेथेही काम पुढे सरकत नाही, आणि पाऊस अवेळी झाला की भोपळ्याचे पीकच बिघडते. कीबोर्ड परदेशी बनावटीचे असल्याने त्यांचा भाव डॉलरबरोबर हलतो, एवढेच त्याविषयी सांगता येईल.

या दुकानात पुन्हा जावेसे वाटते ते तेथील सूर लावणाऱ्या कारागिरामुळे. पेटी घरी आणल्यावर महिन्याभरात मध्य सप्तकातील कोमल निषाद किंचित उतरलेला जाणवू लागला. कारागिरांनी झाकण काढले, सुराच्या जिभेखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवली आणि टोकाकडून बारीक कानशीने दोन-तीन हलके हात फिरवले. टोकाकडे घासले की सूर चढतो आणि मुळाकडे घासले की उतरतो, हे त्यांनी मुलीला दाखवून सांगितले, आणि प्रत्येक घासणीनंतर तिलाच षड्जाबरोबर तो स्वर वाजवून पाहायला लावला. तिने मान डोलावल्यावरच झाकण बसवले. या कामाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

दुरुस्ती आणि सूर लावणे यांसाठी हे दुकान मी निःशंकपणे सुचवीन. नवे वाद्य नोंदवताना मात्र ठरलेली किंमत, सुरांचा प्रकार आणि भाव वाढल्यास आगाऊ रक्कम परत मिळेल का, या तीन गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात. आमच्या शेजाऱ्यांनी यंदा तशी पावती मागितली, तेव्हा मालकांनी ती लगेच लिहून दिली.