सात महिने ट्रेन सिम्युलेटर खेळून: इंजिनाला पोचा पडत नाही, बिल मात्र पडतं

गेमचं नाव टाकत नाही कारण थोड्या शिव्या पण घालायच्यात. दिवाळीत घेतला, सेलमध्ये, तेव्हापासून जवळपास रोज रात्री तास दीड तास खेळायलोय. परभणीत राहतो, सेकंडहँड पीसी, ग्राफिक्स मीडियमवर. चित्रं, आवाज ह्याबद्दल बाकीच्यांनी लै लिहिलंय. मला फक्त डॅमेजबद्दल बोलायचंय, त्यातबी बॉडी डॅमेज, कारण माझे निम्मे पैसे तिथंच गेले.

ह्यात इंजिन भाड्यानी घेतल्यासारखं असतंय. माल पोचवायचा, पैसे घ्यायचे आणि इंजिनाचं जे काही वाटोळं केलं त्याचं बिल भरायचं. बॉडी वेगळी, चाकं वेगळी, मशीन वेगळं, मालाचं नुकसान वेगळं. पहिल्या आठवड्यात मी कमवायचो कमी न् भरायचो जास्त. कामून ते कळंना. कुठं धडकलो नव्हतो, रुळावरून उतरलो नव्हतो, तरी बॉडी २० टक्के गेलेली. मग ध्यानात आलं की हे सगळं डबे जोडताना होतंय. मी आपला दहाच्या स्पीडनी जाऊन धाडकन लावायलो होतो, म्हणलं दहा म्हणजे काय, सायकल त्याच्यापेक्षा जोरात जाते.

आमचे मामा पूर्णेला रेल्वेत शंटिंगवर होते, म्हणजे यार्डात डबे जोडायचं-सोडायचं काम, रिटायर झालेत. ते एकदा बसले शेजारी आणि दोन मिनिटात म्हणले, आरं दहानी कोण लावतंय, माणूस शेजारून चालत आला पाहिजे इतकं हळू. शंटिंगला १५ ची मर्यादा असती ती यार्डात फिरायला, जोडायला नाही. पॅसेंजरच्या डब्यांना इंजिन लावताना तर २० मीटर अलीकडं उभं करायचं, पॉइंट्समननी (डबे जोडताना खाली उभा असणारा रेल्वेचा माणूस) हात दाखवला की मग पुढं सरकायचं. त्या दिवसापासून मी ३ च्या वर जोडत नाही आणि बॉडीचं बिल जवळपास बंदच झालं. गणित सोपं हाय, स्पीड दुप्पट केला की दणका चौपट बसतो, आणि हे गेमनी बरोबर धरलंय, त्याबद्दल मानलं. ३ ला काहीच नाही, ६ ला थोडं, १० ला खिसा रिकामा.

मागं वजन किती हाय हे पण धरतो. टँकर ओढताना हे जास्त जाणवतं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनी पाणी आणलं होतं, पहिल्या खेपेला १० टँकर, ५ लाख लिटर. तेव्हा आकडा नुसता वाचला होता. गेममध्ये तेवढेच टँकर लावले तेव्हा कळलं की नुसतं पाणीच ५०० टन झालं की राव, टँकरचं लोखंड वेगळंच. एवढं मागं असताना नुसत्या इंजिनाचा ब्रेक दाबला तर मागचे सगळे डबे एकामागून एक पुढं येऊन आदळतात, धडधडधड, आणि बॉडीचा काटा सरकतो. मामांच्या भाषेत सांगायचं तर एसए-९ नी नाही, ए-९ नी थांबवायचं, म्हणजे इंजिनाचा नाही, पूर्ण गाडीचा ब्रेक, तोबी आधीपासून थोडा थोडा, कारण पाइपातलं प्रेशर शेवटच्या डब्यापर्यंत उतरायला वेळ लागतो. एकदम दाबला तर चाकं घसरून चपटी होतात आणि मग चाकांचं बिल.

आता शिव्या. एवढं सगळं करून बॉडीवर दिसत काहीच नाही! ओरखडा नाही, पोचा नाही, रंग उडालेला नाही. परळीहून कोळशाच्या रिकाम्या वाघिणी (मालाचे डबे) परत जाताना फाटकावर थांबून बघा, एकेकीच्या बाजू फुगलेल्या, पत्रा आत दबलेला, वेल्डिंगचे ठिगळ. वाघीण कशातून गेली ते तोंडावर लिहिलेलं असतं. हितं बॉडी ८० टक्के गेली तरी इंजिन शोरूममधून काढल्यासारखं. बरं दिसत नाही तर नाही, चालण्यावर तरी काही फरक पडावा, तोबी नाही. मशीन खराब झालं तर ताकद कमी होते, चाक चपटं झालं तर टकटक ऐकू येते, बॉडीचं काय तर फक्त आकडा. आणि पुढून मारलं का मागून, बफरला (टोकाला दणका झेलायला असतो तो) लागलं का कॅबिनला, सगळं एकाच खात्यात.

अजून एक, लाईट. उन्हाळ्यात आमच्याकडं रात्री लाईट जाती, आणि सेव्ह नसलं की ट्रिप गेली. दोन वेळा तर अशी गेली की कमाई सेव्ह झालीच नाही पण आधीचं डॅमेज तसंच. यूपीएस घ्या नाहीतर प्रत्येक स्टेशनला हातानी सेव्ह करा.

घ्यायचा का? यार्डात डबे ढकलायची आवड असेल तर डोळे झाकून घ्या. सुसाट गाडी पळवायची असेल तर दुसरं काहीतरी बघा, हितं बिलं भरून मराल. मी अजून खेळायलोच. सध्या माझ्या इंजिनाची बॉडी ४१ टक्के डॅमेज हाय, आणि अशी चकाचक दिसायली की नवीन म्हणून कोणालाबी विकता येईल.