ब्रुअरी दाखवतो म्हणून २२,३९८ रुपये लुटले

गोव्याच्या बार्देश तालुक्यातील एक क्राफ्ट ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवणारा छोटा कारखाना, मित्राबरोबर पाहायला जायचे ठरवले आणि त्यात माझे २२,३९८ रुपये गेले. मी डिचोलीत राहतो. अशा टोळ्या केवळ पर्यटकांनाच गाठतात, हा इथल्या लोकांचा समज खोटा आहे.

ब्रुअरी खरी आहे. खोटा होता तो नकाशाच्या ॲपमध्ये तिच्या नावाखाली दिसणारा फोन क्रमांक. ही माहिती बाहेरचा कोणीही बदल सुचवून फिरवू शकतो, म्हणून क्रमांक नेहमी त्या जागेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. फोन उचलणाऱ्याने बार्लीचा मॉल्ट कसा भरडतात, बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुले केव्हा घालतात, आंबवण्याच्या टाक्या किती जवळून पाहता येतील, हे सगळे सफाईने सांगितले. दोघांचेही वय २१ पूर्ण आहे ना आणि परतताना गाडी कोण चालवणार, हेही त्याने विचारले. गोव्यात मद्यासाठी असलेली वयाची अट जो स्वतःहून तपासतो, तो ब्रुअरीचा माणूस नसेल अशी शंका कोणाला येईल? माणशी १,२०० प्रमाणे २,४०० रुपये मी भरले.

निघायच्या वेळी त्याचाच फोन आला. टाक्या धुवायला काढल्यामुळे भेट रद्द झाली आहे, पैसे लगेच परत करतो, असे म्हणून त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि रकमेच्या रकान्यात १९९९८ हा ‘रिफंडचा नोंदणी क्रमांक’ टाकायला सांगितले. संशय यायला हवा होता तो इथे. पडद्यावर ब्रुअरीचे नव्हे, कोणा अनोळखी व्यक्तीचे नाव होते आणि खाली यूपीआयचा पिन मागितला जात होता. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे मी घरातल्या वडीलधाऱ्यांना कितीदा बजावले असेल! पण मित्र गाडीत खोळंबला होता, तो माणूस ‘सर, कोडची मुदत संपतेय’ म्हणून क्षणभर श्वास घेऊ देत नव्हता, आणि पैसे परत देणाऱ्यावर सहसा कोणी संशय घेत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. मी पिन टाकला आणि १९,९९८ रुपये खात्यातून गेले. समोरचा फोनवर असताना पैशांचे ॲप उघडूच नये.

मी लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. प्रत्येकाने आधी हेच करावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच ती गोठवता येते. खरा मनस्ताप त्यानंतर सुरू झाला. पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की, ब्रुअरी आमच्या हद्दीत येत नाही. वर, दारू प्यायला निघालात तेव्हा विचार करायला हवा होता, हेही ऐकवले. परवाना असलेली जागा पाहायला जाणे हा गुन्हा आहे काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, ठाण्याने नोंदवून घ्यायची असते. हे कलम मी दाखवले, तेव्हा साहेब बाहेर गेले आहेत, उद्या या, असे उत्तर मिळाले. तक्रार लेखीच द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नये.

बँकेची तऱ्हा याहून संतापजनक. पिन तुम्हीच टाकला, विषय संपला, एवढेच शाखेत सांगितले गेले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणाचे नुकसान ग्राहकाने सोसायचे, हे त्यांना तोंडपाठ आहे. बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे, हे त्याच परिपत्रकातले वाक्य मात्र मला वाचून दाखवावे लागले. आणि ज्या खात्यात माझे पैसे गेले, तेही कोणत्या तरी बँकेने केवायसी करूनच उघडले असणार ना? त्या खातेदाराला कोणी जाब विचारला, याचे उत्तर एकही अधिकारी देत नाही.

लेखी तक्रारीनंतर तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तो अर्ज मी करणार आहे, आणि पडद्यावर दिसलेल्या त्या नावाचे छायाचित्र त्याला जोडणार आहे.