सहा महिने बॅरलमध्ये: 6 फूट 2 इंची राउंड पिन सर्फबोर्डाचा अनुभव

एप्रिल ते सप्टेंबर, बालीचं बुकित द्वीपकल्प, बहुतेक वेळ बिंगिनला. या दिवसांत आग्नेयेचा वारा तिथे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेची भिंत काचेसारखी राहते. बिंगिनची डावी लाट आखूड, पण रीफवर (प्रवाळाच्या खडकावर) जवळजवळ ठरल्या जागी फुटते; बॅरल, म्हणजे पुढे कोसळणाऱ्या लाटेच्या आतल्या पोकळ बोगद्यातून जाणं, शिकायला म्हणूनच ती सोयीची. कोकण-गोव्याच्या वाळूवर अशी पोकळ लाट क्वचितच मिळते.

बोर्डाची रुंदी 18.75 इंच, जाडी 2.38 इंच, साधारण 28 लिटर. नाकाला बाक जास्त, शेपूट निमुळतं पण टोकाला गोलसर, म्हणजेच राउंड पिन. उभ्या भिंतीवरून उशिरा उतरतानाही नाक पाण्यात रुतत नाही आणि शेपूट घसरत नाही. इथे बोर्डाला पैकीच्या पैकी.

डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांची या लाटेकडे पाठ येते. उतरतानाच बोर्ड तिरका घ्या, उजव्या हाताने बाहेरची रेल (बोर्डाची कड) धरा, मागचा गुडघा आत पाडा आणि डावा हात भिंतीत घासत न्या. हात खोल रुतला की वेग उतरतो आणि लाट डोक्यावरून पुढे पडते. हात काढला की बोर्ड वेगाने पुढे सुटतो. नजर बॅरलच्या तोंडाशी दिसणाऱ्या उजेडावरच हवी.

नवशिके हात काढायला उशीर करतात. मग आतला फेसाचा गोळा शेपटाखाली येतो, शेपूट उचललं जातं, फिन्सची (बोर्डाखालच्या पात्यांची) पकड सुटते आणि बोर्ड आडवा होतो. अशा वेळी भार पुढच्या पायावर टाकायचा, वळवायला अजिबात जायचं नाही. तीन फिन्सऐवजी चार लावल्यावर वेग चांगला टिकला. वळणं मात्र जड झाली. बॅरलसाठी चारच ठेवा.

तक्रारी आहेत. कमरेएवढ्या मऊ लाटेत हा बोर्ड मेल्यासारखा पडतो, त्यामुळे एकमेव बोर्ड म्हणून घेऊ नका. वरच्या बाजूला 4 औंसी फायबरग्लास कापडाचे दोनच थर असल्याने दोन महिन्यांतच मागच्या टाचेखाली वाटीसारखे खोलगे पडले. बनवून घेताना 6 अधिक 4 औंस सांगा, थोडं वजन वाढलं तरी चालेल. चीर गेली तर आधी पूर्ण सुकवा, मगच उन्हात घट्ट होणारं पॉलिएस्टर रेझिन लावा. या बोर्डाच्या आत पीयू (पॉलियुरेथेन) फोम आहे म्हणून ते चालतं. ईपीएस (थर्माकोलच्या जातीचा) फोम त्याने विरघळतो, तिथे इपॉक्सीच लागतं.

पूर्ण ओहोटीला रीफवर पाणी फार उथळ होतं, तेव्हा शिकणाऱ्यांनी पाण्याबाहेरच थांबावं. पडताना सूर मारू नका. अंग पसरून पडा, वर येताना दोन्ही हातांनी डोकं झाका. खरचटलं तर गोड्या पाण्याने घासून प्रवाळाचे कण काढा, नाहीतर जखम चिघळते.