दबलेली तुकडी कोण सावरणार? स्टील पँथर्स की कॉम्बॅट मिशन

संगणकावरच्या दोन युद्धखेळांपैकी कोणता निवडावा, हा प्रश्न. एक म्हणजे 1995च्या 'स्टील पँथर्स'ची आज विंडोजवर फुकट मिळणारी आवृत्ती, विनएसपीडब्ल्यूडब्ल्यू-2. दुसरा 2011चा 'कॉम्बॅट मिशन : बॅटल फॉर नॉर्मंडी', विकतचा. दोन्ही दुसऱ्या महायुद्धाचे. रणगाडे, चिलखत, ग्राफिक्स यांबद्दल सगळीकडे भरपूर वाचायला मिळतं, ते सोडून देतो. माझा निर्णय रायफलवाल्या पायदळावर झाला.

स्टील पँथर्समध्ये प्रत्येक तुकडीच्या नावावर सप्रेशनचा, म्हणजे माऱ्याखाली ती किती दबली आहे याचा, आकडा असतो. गोळी लागलीच पाहिजे असं नाही, आसपास मारा झाला तरी तो चढतो. चढत गेला की तुकडी आधी जमिनीला खिळते, मग माघार घेते, मग सैरावैरा पळते. किती सोसेल हे तिच्या अनुभवावर आणि मनोधैर्यावर. आपल्या तुकड्यांचं हे सगळं डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे शिकायला हा खेळ उत्तम. आधी मशीनगन आणि मॉर्टरनं शत्रूला दाबा, तो खिळला की मगच पुढे सरका, हा क्रम तो लवकर अंगवळणी पाडतो.

पण ते रॅली प्रकरण! आपली खेळी आली की दबलेल्या एकेका तुकडीवर जायचं आणि 'रॅली' म्हणायचं, म्हणजे तिला सावरायचा हुकूम द्यायचा. तुकडीचा नायक प्रयत्न करतो, त्याला जमलं नाही तर प्लाटूनचा (अशा काही तुकड्यांच्या गटाचा) अधिकारी, त्यालाही नाही तर वरचं मुख्यालय. बटालियनभर माणसं मैदानात असली की खरी चाल सुचण्याआधी हा जप उरकावा लागतो. नुसता कंटाळा असता तर चाललं असतं. मला खटकलं ते हे, की घाबरलेल्या माणसांना धीर देणं हे मुळात माझं काम होऊन बसतं. कोणता अधिकारी कुणावर खर्च करायचा याचा हिशोब मी मांडतो आणि नशिबानं साथ दिली तर आत्ता तोफमाऱ्यात सापडलेला सेक्शन (दहा-बारा जणांची तुकडी) त्याच खेळीत उठून चालायला लागतो. ते काही पटत नाही.

कॉम्बॅट मिशनमध्ये हे बटणच नाही. दोन्ही बाजूंनी हुकूम द्यायचे, मग 60 सेकंद सगळं एकदम घडतं आणि आपण फक्त बघायचं. नॉर्मंडीतल्या त्या उंच बांधांच्या शेतात कोपऱ्यावर एखादी एमजी-42 ही जर्मन मशीनगन बोलायला लागली की बारा जणांचा अमेरिकन सेक्शन आडवा होतो. हुकूम दिलेला असतो, ऐकायला कुणी नसतं. आपण धूर टाकू शकतो, त्या मशीनगनवर मारा वाढवू शकतो, प्लाटूनचा अधिकारी जवळ आणू शकतो. बाकी वाट बघायची. मारा थांबला की सप्रेशनची पट्टी आपोआप उतरते, मनाचं तसं नसतं. एकदा मोडून सावरलेली तुकडी 'रॅटल्ड' (हादरलेली) दिसते, आणि पुढे थोड्याशा माऱ्यानंही पुन्हा मोडते. दुपारी मोडलेल्या सेक्शनवर संध्याकाळच्या हल्ल्याची भिस्त ठेवायची नाही, हे इथे कुणी सांगावं लागत नाही.

यातही डोकं फिरवणाऱ्या गोष्टी आहेत. घाबरलेली माणसं कधी कधी चांगली भिंत सोडून उघड्यावर धावतात आणि ते अख्खं मिनिट आपण हताश. राग येतो, पण तो त्या माणसांचा येतो.

अर्थात, जुना लॅपटॉप असेल, खिशाला झेपत नसेल किंवा मोठ्या लढाया आवडत असतील तर स्टील पँथर्सला नावं ठेवायचं कारण नाही. 1965 किंवा 1971 मांडायचं असेल तर प्रश्नच मिटला: त्याच घराण्यातल्या विनएसपीएमबीटीमध्ये 1946 नंतरचा काळ आहे, भारत-पाकिस्तानची सैन्यं आहेत, कॉम्बॅट मिशनच्या मालिकेत ती युद्धं नाहीत.

बाकीच्यांनी, माझं ऐकाल तर, कॉम्बॅट मिशनमध्ये एका कंपनीपुरती (काही प्लाटूनपुरती) लढाई घ्यावी. सेक्शन फोडून छोट्या टीम कराव्यात आणि त्यांना 'हंट' या सावध चालीच्या हुकमावर पुढे पाठवावं, म्हणजे शत्रूची चाहूल लागताच त्या थांबतात.