फारुकींचा मोड: 'युरोपा ४' की 'मेडिव्हल २'?

थाळनेर-बुऱ्हाणपूरच्या फारुकींवर, म्हणजे खानदेशच्या सुलतानांवर, मोड (तयार गेममध्ये आपण केलेला बदल) करायचा तर दोन गेम डोळ्यांसमोर येतात: 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' (२०१३) आणि 'मेडिव्हल २: टोटल वॉर' (२००६).

'युरोपा'त अर्धं काम आयतंच. १४४४च्या नकाशावर खानदेश आहेच. राजे, प्रांत, घटना, सगळं साध्या टेक्स्ट फायलींत. नोटपॅड उघडा, तारीख टाका, झालं. पण वेढा? फारुकींचा असीरगड किल्ला हाती यायला अकबराला १६०१ उजाडलं. इथे तोच वेढा म्हणजे ठरावीक दिवसांनी पडणारा फासा. आकडे कमी-जास्त करता येतात, पद्धत नाही. ती गेमच्या मूळ कोडमध्ये कुलूपबंद.

'मेडिव्हल २'त शिड्या लावून, तोफा डागून किल्ला घेता येतो. ती मजा वेगळीच! मात्र सत्ता ३१, प्रदेश १९९. त्यापुढे इंजिन ढिम्म हलत नाही. नुसत्या दख्खनेपुरतं हे भरपूर. अख्खा हिंदुस्थान मांडायला घेतलात की बागलाणला स्वतःची सत्ता न देता गेममधल्या बंडखोरांच्या खात्यात ढकलावं लागणार, आणि ते नंदुरबार-धुळ्याकडच्या पोरांना पटायचं नाही.

माझं मत 'युरोपा'ला. जुना लॅपटॉप असेल तर मात्र 'मेडिव्हल'च घ्या.