गल्लीतल्या भेगांसाठी थंड फिलरची बादली: सांगलीच्या मातीवर कितपत चालते?

डांबरी रस्त्याच्या भेगा भरायला २० लिटरच्या बादलीत जे थंड फिलर मिळते, ते मुळात डांबराचे इमल्शन. साधारण ६० टक्के डांबर, बाकी बहुतेक पाणी. भट्टी नको, जळण नको, दोन माणसांत काम उरकते. ३ ते १० मिलिमीटर रुंदीच्या, हालचाल थांबलेल्या भेगेला हा माल चांगला लागू पडतो. विश्रामबाग किंवा कुपवाडकडच्या सोसायटीच्या आतल्या रस्त्याला बहुतेकदा यापेक्षा महाग काही लागत नाही.

गफलत होते ती हिशोबात. १० मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर खोल भेगेला दर मीटरला २०० मिलिलिटर माल लागतो, म्हणजे बादलीत १०० मीटर, असे वाटते. पण पाणी उडाल्यावर बादलीतले जेमतेम १२ लिटरच भेगेत उरते. एका हातात (एकाच थरात) भरलेली भेग दुसऱ्या दिवशी मधून खचलेली दिसते ती यामुळेच. माल भेसळीचा असेलच असे नाही. आधी तळाशी कोरडी क्रश सँड भरा, वर १२ मिलिमीटर जागा ठेवा आणि दोन हातांत ओता. मग एका बादलीत १०० मीटरच्या आसपास खरोखर जाता येते. पहिला हात चॉकलेटीचा काळा झाला की दुसरा. लगेच रबरी वायपरने सारखे करा, काळे पडले की बारीक ग्रिट भुरभुरा, नाहीतर दुचाकीच्या टायरला चिकटून माल वर येतो. बादली उघडल्यावर काठीने तळापासून ढवळायला विसरू नका, डांबर खाली बसलेले असते.

साफसफाईला भरण्यापेक्षा जास्त वेळ जातो, जायलाच हवा. वायर ब्रश, मग ब्लोअर. हराळी मुळासकट काढा. वरून कापून माल ओतला तर पावसाळ्यात तीच फिलर फोडून वर येते. किंचित ओल इमल्शनला चालते, चिखल चालत नाही.

पैसे वाचवायला काही ठेकेदार टॅक कोटचे (जुन्या डांबरावर नवा थर चिकटवायला फवारायचे) आरएस-१ किंवा प्राइम कोटचे (डांबराआधी खडीच्या थरावर फवारायचे) एसएस-१ इमल्शन भेगेत ओततात. दोन्ही पातळ. एसएस-१ मध्ये तर जवळपास निम्मे पाणीच. सगळे खाली झिरपते, तोंड उघडेच राहते.

आता काळी माती. शामरावनगरसारख्या भागात रस्त्याच्या कडेला समांतर लांबच लांब भेग पडते, कारण कडेची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ही भेग दरवर्षी उघडते-मिटते. तिथे थंड फिलर एक उन्हाळा काढत नाही. तिथे रबरमिश्रित गरम सीलंटच घ्या, आणि भेग मध्यम उघडी असते तेव्हा, जानेवारी-फेब्रुवारीत भरून घ्या. एप्रिल-मेमध्ये ती सगळ्यात रुंद असते. तेव्हा भरलेला माल पावसाळ्यात माती फुगल्यावर वर दाबला जातो. गरम सीलंटला भेग पूर्ण कोरडी हवी. माल तेलाच्या जॅकेटच्या मेल्टरमध्ये (भोवतीच्या गरम तेलाने माल वितळवणाऱ्या मशीनमध्ये) वितळवणार का, हेही आधी विचारा. उघड्या पिंपाखाली लाकडे पेटवली तर तळाचा माल करपतो, रबराची लवचीकता जाते आणि महागाच्या सीलंटचे साधे डांबर होते. एका गल्लीपुरते मशीन आणायला कोणी सहसा तयार होत नाही, म्हणून शेजारच्या दोन-तीन सोसायट्या मिळून काम द्यावे.

जाळीसारख्या, हाताच्या पंजाएवढ्या तुकड्यांत फुटलेल्या जागेवर दोन्हीपैकी काहीच ओतू नका. तिथे खालची खडी हललेली असते. तो भाग चौकोनी कापून, खडी दाबून पॅच मारावा लागतो. पाइपलाइनच्या चराच्या कडेची भेगही चर पूर्ण बसेपर्यंत भरू नये. गणपतीच्या मांडवाचे खड्डे तर या बादलीचे कामच नव्हे. त्यांना खडीमिश्रित कोल्ड मिक्स लागते, आणि तेही धुमसाने ठोकून.