खरी कार्डं, खोटा डेक: तयार 'आर्टिफॅक्ट सॅक्रिफाइस' डेक विकत घेताना होणारी फसवणूक

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळात फसवणूक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे नकली कार्ड येतं. पण ७५ कार्डांचा तयार डेक (खेळायचा संच) विकत घेण्याच्या या प्रकरणात नकली निघाली ती फक्त ४ कार्डं. उरलेली ७१ अस्सल होती आणि घेणारा बुडाला तो त्या ७१ मुळेच.

जाहिरात अशी होती: मॉडर्न फॉरमॅटचा (फॉरमॅट म्हणजे कोणती कार्डं चालतील हे ठरवणारा खेळाचा प्रकार) आर्टिफॅक्ट सॅक्रिफाइस डेक (आर्टिफॅक्ट म्हणजे वस्तूंची कार्डं, त्यांचा बळी देऊन फायदा उठवायचा), ६० अधिक साइडबोर्ड (डावांच्या मध्ये बदलायची राखीव कार्डं) १५, डबल स्लीव्ह (प्रत्येक कार्डाला दोन प्लास्टिकची पाकिटं) केलेला, 'थेट स्पर्धेत उतरवा'. फोटोत ४ मॉक्स ओपल आणि ४ आर्कबाउंड रॅव्हेजर पंख्यासारखे मांडलेले. बाकीच्या कार्डांच्या गड्ड्या, प्रत्येक गड्डीचं फक्त वरचं कार्ड दिसतंय. पूर्ण यादी मागितल्यावर विक्रेत्याने ती दिली नाही. 'पोचल्यावर बघा, सगळी कार्डं ओरिजिनल आहेत, गॅरंटी' एवढंच उत्तर आलं. आता शब्द नीट वाचा. गॅरंटी कार्ड ओरिजिनल असण्याची आहे. ते फॉरमॅटमध्ये चालतं याची नाही, आणि डेक चालतो याची तर नाहीच.

डबा उघडून मुख्य डेक मोजला तेव्हा हे निघालं: रॅव्हेजर ४, डिसायपल ऑफ द व्हॉल्ट ४, मॉक्स ओपल ४, क्रार्क-क्लॅन आयर्नवर्क्स ३, स्कलक्लॅम्प २, क्रोमॅटिक स्फिअर ४, इकॉर वेलस्प्रिंग ४, ऑर्निथॉप्टर ४, मेमनाइट ४, पायराइट स्पेलबॉम्ब ३, एटॉग ४, क्रार्क-क्लॅन शमन ४, व्हॉल्ट ऑफ व्हिस्पर्स ४, ग्रेट फर्नेस ४, साधे स्वॉम्प ४, माउंटन ४. बेरीज बरोबर ६०. वरवर वाचणाऱ्याला यात काहीच खटकणार नाही. बहुतेक नावं मिरोडिन या खेळातल्या आर्टिफॅक्टच्या जगातलीच आहेत.

पहिला घोटाळा बंदीचा. व्हॉल्ट ऑफ व्हिस्पर्स आणि ग्रेट फर्नेस या आर्टिफॅक्ट लँड (माना, म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा, देणारी आर्टिफॅक्ट कार्डं) मॉडर्नमध्ये २०११ पासून, म्हणजे फॉरमॅट सुरू झाल्यापासूनच बंद आहेत. स्कलक्लॅम्पचंही तेच. आयर्नवर्क्सवर जानेवारी २०१९ मध्ये बंदी आली. ८ अधिक २ अधिक ३, म्हणजे ६० पैकी १३ कार्डं मॉडर्नच्या स्पर्धेत टेबलावर ठेवताच येत नाहीत. गंमत म्हणजे बंदीच्या यादीत असल्याचा गवगवा ज्या कार्डाचा जास्त झाला, ते मॉक्स ओपल मात्र चालतं: जानेवारी २०२० मध्ये बंद झालं आणि डिसेंबर २०२४ मध्ये बंदी उठली. त्यामुळे घेणाऱ्याने ओपलची चौकशी केली, होकार मिळाला आणि तो निर्धास्त झाला.

हे चुकून होत नाही. मिरोडिन काळातले जुने डेक मोडले की आर्टिफॅक्ट लँड आणि तसली कॉमन-अनकॉमन कार्डं ढिगाने उरतात. २००५ मध्ये स्टँडर्ड या नव्या सेटांच्या फॉरमॅटमधून एका फटक्यात ८ कार्डं बाहेर काढली गेली: रॅव्हेजर, डिसायपल, डार्कस्टील सिटाडेल आणि पाच रंगांच्या पाच आर्टिफॅक्ट लँड. त्यातल्या रॅव्हेजर, डिसायपल आणि सिटाडेलला मॉडर्नमध्ये मुभा आहे, पाच लँडना नाही. एकाच ढिगातली काही चालतात, काही नाहीत, आणि नवख्याला हा फरक कार्डाकडे बघून कळत नाही, कारण कार्डावर बंदी छापलेली नसते. ही पोकळी विक्रेत्यांना पक्की ठाऊक असते. स्पर्धेत डेक नियमात बसवण्याची जबाबदारी मात्र खेळाडूची. 'मला असाच विकला' हे जज ऐकून घेईल, पण त्याने काही बदलत नाही.

दुसरा घोटाळा जास्त बेमालूम होता, आणि तो एका शब्दाचा होता. जाहिरातीत 'क्रोमॅटिक स्टार ४' लिहिलं होतं. डब्यात क्रोमॅटिक स्फिअर निघाले. दोन्हींना १ माना लागतो. दोन्ही १ माना देऊन, टॅप करून (आडवं करून) आणि स्वतःचा बळी देऊन हव्या त्या रंगाचा माना देतात आणि एक कार्ड हातात येतं. मग बिघडलं कुठे? स्टारचं कार्ड ओढणं हे वेगळं ट्रिगर (आपोआप घडणारी क्षमता) आहे: स्टार बॅटलफील्डवरून (टेबलावरून) ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) गेला, मग तो कुणीही, कशानेही पाठवला असो, की कार्ड मिळतं. स्फिअरचं कार्ड ओढणं त्याच्या स्वतःच्या क्षमतेतच बांधलेलं आहे. आता समोर रॅव्हेजर आहे आणि तुम्ही त्याला स्टार खाऊ घातला: रॅव्हेजरवर एक +१/+१ काउंटर (ताकद वाढवणारी खूण), हातात एक कार्ड. स्फिअर खाऊ घातला: काउंटर एक, कार्ड शून्य. सॅक्रिफाइस डेकचं सगळं गणित 'बळी दिलेली वस्तू काहीतरी मागे ठेवून जाते' यावर उभं असतं. स्फिअर काहीच ठेवत नाही. चार प्रती, प्रत्येक डावात एक-दोन कार्डांचं नुकसान, आणि खेळणारा आठवडाभर नशिबाला दोष देत बसतो.

तिसरी गोष्ट फसवणूक म्हणायची की निव्वळ ढीग खपवणं, यावर वाद होईल. आमच्या मते फसवणूकच. असा डेक तीन भागांचं यंत्र असतो. बळी द्यायची वस्तू, बळी घेणारं कार्ड, आणि बळी गेल्यावर फायदा देणारं कार्ड. ६० च्या डेकमध्ये बळी घेणारी कार्डं ६ ते ८ पुरतात. ८ प्रती असल्या तर सुरुवातीच्या ७ कार्डांत किमान एक येण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के, ४ प्रतींवर ती ४० टक्के. त्यापेक्षा जास्त भरली की हातात नुसते सुरे येतात, कापायला भाजी नाही. या डेकमध्ये बळी घेणारी कार्डं होती १५: रॅव्हेजर ४, एटॉग ४, शमन ४, आयर्नवर्क्स ३. फायदा देणारा एकटा डिसायपल, ४ प्रती. आणि त्यात क्रार्क-क्लॅन शमन! हे कार्ड एका आर्टिफॅक्टच्या बळीमागे, न उडणाऱ्या प्रत्येक क्रीचरला (लढणाऱ्या कार्डाला) १ डॅमेज करतं. डिसायपल १/१ आहे, म्हणजे १ डॅमेजनेच मरतो. मेमनाइट १/१ आहे. शमन स्वतःही १/१ आहे. म्हणजे शमन एकदा वापरला की ज्याच्यासाठी डेक बांधला तो डिसायपल स्वतःच्याच हाताने मारला. ऑर्निथॉप्टर तेवढा उडतो म्हणून वाचतो. ज्याने हा डेक एकदाही खेळून पाहिला तो या दोघांच्या चार-चार प्रती एकत्र ठेवणार नाही. घरात पडलेली कार्डं ६० पर्यंत कशीबशी नेली, एवढाच त्याचा अर्थ.

साइडबोर्डबद्दल थोडक्यात: १५ भरताड. या डेकला मारणारी कार्डं ठरलेली आहेत. स्टोनी सायलेन्स आलं की आर्टिफॅक्टच्या चालवायच्या क्षमता बंद, म्हणजे रॅव्हेजरचा घास बंद. रेस्ट इन पीस आलं की वस्तू ग्रेव्हयार्डऐवजी एक्झाइलमध्ये (खेळाबाहेर) जाते आणि डिसायपल, वेलस्प्रिंग, स्टार सगळे मुके होतात. दोन्ही एन्चांटमेंट (टेबलावर टिकून राहणारी जादू) आहेत, आणि या डेकच्या लाल-काळ्या रंगांची एन्चांटमेंटपुढे नेहमीच पंचाईत होते. त्यावर एकही उत्तर त्या १५ मध्ये नव्हतं. साइडबोर्डकडे बघून विक्रेता खेळाडू आहे की भंगारवाला, हे पटकन कळतं.

आता ती ४ नकली कार्डं. मॉक्स ओपल, स्कार्स ऑफ मिरोडिन या २०१० च्या सेटचं चिन्ह, पण खाली मधोमध लंबगोल चकचकीत होलोग्राम. इथेच पितळ उघडं पडायला हवं होतं. तो होलोग्राम रेअर आणि मिथिक (दुर्मिळ) कार्डांवर मॅजिक २०१५ या सेटपासून, म्हणजे जुलै २०१४ पासून येतो; २०१० च्या छपाईवर तो असूच शकत नाही. ओपल नंतर मॉडर्न मास्टर्स २०१५ आणि २०२० च्या डबल मास्टर्समध्ये पुन्हा छापलं गेलं, त्या प्रतींवर तो असायलाच हवा. नकली छापणाऱ्याने नव्या प्रतीवरून साचा घेऊन जुन्या सेटचं चिन्ह डकवलं असणार. डबल स्लीव्ह, त्यात बाहेरची मॅट, म्हणून फोटोत तो ठिपका नुसता करडा दिसत होता. महाग कार्ड स्लीव्हमधून बाहेर काढून दाखवायला कुणी का-कू केली, तर तिथेच थांबा.

भिंगाची तपासणी अशी करा. ३० ते ६० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि त्याच काळातलं एखादं खात्रीचं फालतू कॉमन शेजारी ठेवा. तुलनेशिवाय भिंगातून काही कळत नाही. कार्डाच्या पाठीवर पाच रंगांचे गोळे आहेत, त्यातल्या हिरव्यावर भिंग धरा. अस्सल कार्डात तिथे चार बारीक लाल ठिपके इंग्रजी एल अक्षरासारखे मांडलेले दिसतात. नकलीत ते नसतात, किंवा नुसता लालसर गोंधळ असतो. मग कार्ड उलटा आणि समोरच्या मजकुरावर या. चित्राचा भाग बारीक रंगीत ठिपक्यांच्या फुलांसारखा दिसेल, ते ठीकच. पण काळी अक्षरं भरीव, कडा धारदार असायला हव्यात, कारण काळा थर वेगळा छापला जातो. अक्षरंच जर रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसली तर ते कार्ड स्कॅन करून छापलेलं आहे.

हिरव्या गोळ्यावर एकट्यावर विसंबू नका. स्वस्त अस्सल कार्डाची पाठ सोलून त्यावर नकली दर्शनी भाग चिकटवलेला असतो. पाठ खरीच असल्याने ती ही परीक्षा आरामात पास होते. असं कार्ड कडेवर पकडलं जातं: तिथे गोंदाची रेघ दिसते, जाडी जास्त भरते, आणि मागून टॉर्च लावला तर शेजारच्या अस्सल कार्डापेक्षा प्रकाश कमी झिरपतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असेल तर दोन्ही कार्डं स्लीव्हशिवाय तोला. कार्ड दुमडून बघणं, पाण्याचा थेंब टाकणं, कोपरा फाडून आतला निळा थर बघणं हे उद्योग करू नका. कार्ड खरं निघालं तर ते गेलं, खोटं निघालं तर 'तुम्हीच खराब केलं' म्हणून परतावा गेला.

काळ्या काठाच्या जुन्या कार्डांवर आणखी एक हात फिरलेला असतो: पांढरे झालेले कोपरे मार्करने काळे करणं. समोरून कळत नाही. दिव्याखाली तिरपं धरलं की शाई जांभळट चमकते आणि कडेच्या कागदात मुरलेली दिसते. 'नवंकोरं' म्हणून पैसे घेतलेले रॅव्हेजर असे निघू शकतात. आणि चारही फॉइल (चकचकीत छपाईची) असतील तर ते वाकलेत का हेही बघा. बाकी डेक सपाट आणि फक्त तीच कार्डं कमानीसारखी असली तर न बघता ओळखू येतात, आणि स्पर्धेत ती खुणेची कार्डं ठरतात.

पैसे देण्याआधी मागायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण त्या मागितल्याच पाहिजेत. संख्येसह पूर्ण यादी, प्रत्येक नावापुढे सेट. ती यादी चालू बंदी-यादीशी स्वतः ताडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. महाग कार्डांचे स्लीव्हशिवाय पुढून-मागून फोटो, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी. जुन्या चॅम्पियनशिप डेकमधली सोनेरी काठाची कार्डं आत मिसळलेली नाहीत ना, हेही विचारा. १९९६ ते २००४ दरम्यान निघालेल्या त्या कार्डांची पाठ वेगळी असते, ती स्पर्धेत चालत नाहीत, आणि अपारदर्शक स्लीव्हमध्ये कुणालाच दिसत नाहीत. पैसे खरेदीदाराला संरक्षण असलेल्या मार्गानेच द्या. 'ओळखीत पाठवल्यासारखे पाठवा, कमिशन वाचेल' असं म्हणणाऱ्याला तुमचं कमिशन वाचवण्यात रस नसतो.

पार्सल आलं की कापण्याआधी कॅमेरा चालू करा. लेबल, चारही बाजूंची टेप, मग कापणं, मग सगळी ७५ कार्डं एकेक करून, सगळं एकाच न तुटलेल्या चित्रीकरणात. या प्रकरणात ते नव्हतं, आणि विक्रेत्याचं पहिलंच उत्तर होतं, 'ओपल तुम्ही बदलले.' त्याला तोंडी प्रत्युत्तर नव्हतं. जाहिरात मात्र कामी आली: तिच्यात 'मॉडर्न' आणि 'क्रोमॅटिक स्टार ४' हे दोन्ही शब्द लिहिलेले होते, आणि १३ बंदीची कार्डं अधिक ४ स्फिअर हा मुद्दा वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाचा होता, कार्ड खरं-खोटं असण्याचा नाही. तक्रार त्या १७ कार्डांवरून मांडली गेली आणि तिथे विक्रेत्याला पळवाट उरली नाही. अर्धे पैसे घेऊन मिटवा, असा निरोप आलाच. तो स्वीकारला की बहुतेक ठिकाणी तक्रार बंद होते आणि पुन्हा उघडत नाही.

असाच ढीग तुमच्या गळ्यात पडला असेल आणि परत करता येत नसेल, तर दुरुस्ती अवघड नाही. ८ बंद लँडच्या जागी डार्कस्टील सिटाडेल ४ आणि ड्रॉसफोर्ज ब्रिज ४ घाला. दोन्ही आर्टिफॅक्ट आहेत, मॉडर्नमध्ये चालतात, आणि नष्ट होत नसल्या तरी त्यांचा बळी देता येतो. ब्रिज टॅप होऊन येतो, तेवढा वेग जातो. स्फिअर काढून स्टार. शमन चारही बाहेर, एटॉग दोनवर आणा. आयर्नवर्क्स, स्कलक्लॅम्प, शमन आणि दोन एटॉग मिळून मोकळ्या झालेल्या ११ जागांत बळी गेल्यावर फायदा देणारी कार्डं आणि मरताना काहीतरी देऊन जाणारी आर्टिफॅक्ट भरा. काढलेली खरी कार्डं कमांडर या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये कामाला येतील. आयर्नवर्क्स आणि स्कलक्लॅम्प तिथे चालतात.

नकली ओपलचे पैसे परत आले आणि विक्रेत्याने कार्डं मागितली नाहीत, तर त्यांच्यावर पक्क्या मार्करने 'नकली' असं लिहा. पाठीवर नको, समोर, चित्रावर. पाठ स्लीव्हमध्ये झाकली जाते.